वागळे इस्टेटचा गाळा घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. महापेच्या कंपनीकडून हाउसकीपिंगच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली, घरातल्या दोन मशिनींवर आता भागत नाही आणि वागळे इस्टेटमध्ये गाळा बघते आहेस, हे वाचून बरं वाटलं. धंदा कोणत्या प्रकारे आणि कुणाच्या नावावर काढायचा, यावर जमलेला सल्लागारांचा गोतावळा वाचून मात्र हसू आलं. दीर म्हणतात प्रायव्हेट लिमिटेड काढ, कार्डावर वजन येतं. मैत्रीण म्हणते निम्मी-निम्मी पार्टनरशिप करू. नवरा म्हणतो माझ्या नावावर घे, माझं सिबिल चांगलं आहे. तिघांनाही तुझं भलंच हवंय. पण भिवंडीहून उधारीवर उचललेल्या कापडाचे पैसे थकले तर व्यापारी कुणाच्या दारात येणार, हे कुणीच विचारलेलं दिसत नाही. तू तिथूनच सुरुवात कर.

आज काहीही न ठरवता तू प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याची एकटी मालकीण, आहेसच. तुझा पॅन तोच धंद्याचा पॅन. त्यावर उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंद) आणि करंट अकाउंट झालं की काम सुरू. उद्यम सरकारी पोर्टलवर फुकट होतं. पैसे मागणाऱ्या साइट ढीगभर आहेत, तिकडे फिरकू नकोस. तोटा एकच, पण मोठा. धंद्याचं देणं आणि तुझं देणं यात कायदा फरक करत नाही. थकलं तर तुझी एफडी, तुझ्या नावावरची खोली, सगळंच पणाला.

म्हणून लोक कंपनीकडे धावतात. देणं कंपनीपुरतं राहतं हे खरं, पण बँक छोट्या कंपनीला कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी बहुधा घेतेच. म्हणजे बँकेच्या कर्जातून तुझी सुटका नाही. कापडवाल्याच्या उधारीपुरता आधार मिळेल, तोही तू स्वतः हमी दिली नसशील तर. त्या बदल्यात एक रुपयाचा धंदा झाला नाही तरी दरवर्षी ऑडिट, दरवर्षी फॉर्म, आणि उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. हे शंभर रुपये लोक हसण्यावारी नेतात. दोन फॉर्म सहा महिने पडून राहिले की 36 हजारांच्या घरात जातात. शिवाय प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. दुसरे कोण, हे दिरांना सहज विचारून बघ! एकटीलाच कंपनी हवी असेल तर वन पर्सन कंपनी निघते, तिला एक नॉमिनी द्यावा लागतो. ऑडिट तिलाही चुकत नाही.

मैत्रिणीचं जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे तू भिडेला बळी पडशील. भागीदारीचा कायदा 1932 चा आहे आणि त्यात निम्मा नफा म्हणजे निम्मी जबाबदारी असं नसतं. तिने फर्मच्या नावावर उधारीने ओव्हरलॉक मशीन उचललं, तर विकणारा सगळी रक्कम एकट्या तुझ्याकडूनही वसूल करू शकतो. फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मला करारापोटी दावा लावता येत नाही. आणि डीड, म्हणजे भागीदारीचा करारनामा, वाचल्याशिवाय सही नको. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या डीडमध्ये नफा समसमान होता, पण चार कलमं खाली लिहिलं होतं, ‘बँक खाते पहिल्या पक्षाच्या सहीने चालेल.’ पहिला पक्ष म्हणजे भाऊ. कटिंगपासून डिलिव्हरीपर्यंत सगळं बाई बघायच्या आणि धाग्याच्या बिलाच्या चेकसाठी त्याच्या मागे फिरायच्या.

दोघींनी मिळूनच करायचं असेल तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करा. एकीने परस्पर केलेल्या घोळाचं देणं दुसरीच्या घरावर येत नाही. उलाढाल 40 लाख किंवा भांडवल 25 लाख ओलांडेपर्यंत ऑडिटही नाही. फक्त 30 मे आणि 30 ऑक्टोबर या दरवर्षीचे फॉर्म भरायच्या दोन तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायच्या, धंदा झालेला असो वा नसो.

नवऱ्याच्या नावाला माझा सरळ नकार आहे, आणि तो त्याच्यावर राग म्हणून नाही. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांच्या खरेदीत 3 टक्के वाटा महिलांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी ठेवलेला आहे. त्यासाठी प्रोप्रायटर बाई हवी, किंवा भागीदारीत, कंपनीत 51 टक्के हिस्सा बायकांचा हवा. शिवाय कर्ज त्याच्या नावावर फिटत राहिलं तर तुझं सिबिल कधी तयार होणार?

माझं विचारशील तर सध्या प्रोप्रायटरच राहा. गाळ्याचा करार तुझ्या नावावर, उधारी झेपेल एवढीच. लेबलवरच्या नावाचा ट्रेडमार्क तुझ्या नावाने टाकून ठेव. ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे 4,500 रुपये लागतात. उधारी तुझ्या ऐपतीपलीकडे जायला लागली किंवा कुणी बाहेरचा भांडवल घालायला तयार झाला की कंपनीचं बघू. मैत्रिणीला नाही म्हणवत नसेल तर तिला पीसमागे दर ठरवून काम दे.

जीएसटीचं एक. तुझ्या कापडाचे गणवेश विकलेस तर वर्षाची उलाढाल 40 लाखांवर जाईपर्यंत नोंदणी लागत नाही, ती मर्यादा. कंपनीने कापड दिलं आणि तू नुसतं शिवलंस तर ते जॉबवर्क, म्हणजे सेवा, आणि मर्यादा 20 लाख. दोन्ही केलंस तरी 20 लाखच. वापी-सुरतेला स्वतःचा माल विकलास तर पहिल्या बिलापासून नोंदणी.

महापेवाल्यांची पीओ, म्हणजे लेखी खरेदी-ऑर्डर, मला पाठव. त्यात पैसे 90 दिवसांनी देऊ असं लिहिलेलं असेल, तर उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाला कायद्याने 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, एवढं त्यांच्या अकाउंट्सला नम्रपणे कळव. मात्र पीओ स्वीकारण्याआधी उद्यम करून घे आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छाप.

तुझी,
नौपाड्याची काकू