गिटारचं लाकूड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकात गिटारच्या लाकडाबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

पंधरा हजारांच्या आसपास दोन गिटारी पाहून ठेवल्या आहेत. एकीवर ‘सॉलिड स्प्रूस टॉप, महोगनी बॅक’ असं लिहिलंय. दुसरीवर ‘स्प्रूस टॉप, रोजवूड बॅक अँड साइड्स’, आणि ती दिसायलाही देखणी आहे. दुकानदार म्हणतो, रोजवूड भारी. कुठली घेऊ? (चिंचवड)

पहिली घ्या. तिच्यावरचा ‘सॉलिड’ हा शब्द दुसरीवरच्या ‘रोजवूड’पेक्षा जास्त मोलाचा आहे.

तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिचं कंपन सॅडलमधून (तारा जिच्यावर टेकतात ती पातळ पट्टी) ब्रिजमध्ये (टॉपवर चिकटवलेला लाकडी ठोकळा) आणि ब्रिजमधून वरच्या पातळ फळीत उतरतं, आणि ती फळी हवा हलवते. सतारीत तबली जे काम करते तेच गिटारमध्ये टॉप करतो. या कामाला ताठ आणि तरीही हलकं लाकूड लागतं. स्प्रूसचं वजन घनमीटरला साधारण ४०० ते ४५० किलो, शिसवीचं, म्हणजे रोजवूडचं, ८०० च्या वर. पण लाकडाच्या रेषांच्या दिशेने ताठपणा मोजला तर दोन्ही जवळपास सारखी भरतात. निम्म्या वजनात तेवढाच ताठपणा मिळतो, म्हणून टॉपला स्प्रूस.

‘सॉलिड’ म्हणजे अखंड लाकडाची फळी (मधोमध जोडलेले दोन तुकडे असले तरी ती सॉलिडच). नुसतं ‘स्प्रूस टॉप’ किंवा ‘सिलेक्ट स्प्रूस’ लिहिलं असेल तर तो बहुतेक वेळा प्लाय असतो: तीन पातळ थर, मधला आडवा, मध्ये गोंद. आडव्या थरामुळे फळी आडवी जास्त ताठ होते, वजन वाढतं आणि ती मोकळी हलत नाही. मग खर्जाचा घुमारा तोकडा पडतो आणि आस लवकर विरते. या किमतीतलं ‘रोजवूड’सुद्धा बहुधा दुसऱ्या लाकडाच्या प्लायवर चिकटवलेला कागदासारखा पापुद्रा असतो.

दुकानात मोबाइलचा टॉर्च घेऊन साउंडहोलच्या (टॉपमधल्या गोल भोकाच्या) कडेवर तिरपा उजेड पाडा. टॉपवरच्या रेषा कडेवरून वळून तशाच खाली उतरताना दिसल्या तर फळी सॉलिड. कडेला सँडविचसारखे थर दिसले, मधल्या थराचा रंग किंवा रेषांची दिशा वेगळी असली, तर प्लाय. कड काळी रंगवून झाकली असेल तर दुकानदाराला थेट विचारा आणि बिलावर ‘सॉलिड टॉप’ लिहून घ्या. पाठीसाठी बाहेरची एखादी ठळक रेघ किंवा गाठ हेरा आणि आतून तीच त्याच जागी दिसते का ते पाहा.

प्लायची गिटार टाकाऊ नसते. हॉस्टेलवर, खिडकीजवळ, दमट-कोरड्या हवेत वाटेल तशी राहणार असेल तर ती तडकत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. पण तुम्ही आवाजासाठी पैसे मोजताय, तर ते टॉपवर लावा.

मी बोटांनी वाजवते, बहुतेक भावगीतांची साथ. स्प्रूस घेऊ की सीडार? सीडार म्हणजे आपला देवदारच ना? (नाशिक)

नाही. गिटारचा ‘वेस्टर्न रेड सीडार’ हा अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा थुजा जातीचा वृक्ष. हिमालयातला देवदार हा खरा सीडार, पण तो वेगळा आणि बराच जड.

रेड सीडार स्प्रूसपेक्षाही हलकं असतं, घनमीटरला साधारण ३७० किलो. हलक्या बोटाला ते लगेच जागं होतं, आवाज गोल आणि उबदार येतो. पिकने जोरात स्ट्रमिंग केलं की मात्र सूर एकमेकांत मिसळतात आणि आणखी जोर लावला तरी आवाज वाढत नाही. सिटका स्प्रूस याच्या उलट आहे: हलक्या हाताला थोडं आखडलेलं वाटतं, पण जोर द्याल तेवढा पेलतं आणि प्रत्येक सूर सुटा ठेवतं. एंगलमन स्प्रूस या दोन्हींच्या मध्ये बसतं. तुमच्या कामाला सीडार किंवा एंगलमन. सीडार मऊ असतं, नखाचं नुसतं टोक लागलं तरी खळगा पडतो. पिकगार्ड नसेल तर पारदर्शक चिकटपट्टीचा लावून घ्या.

टॉपवरच्या रेषा किती दाट आहेत त्यावरून आवाज ठरत नाही. गिटार उजेडात तिरपी करा. रेषांना आडवी रेशमासारखी झाक चमकली तर फळी खोडाच्या मध्यातून बरोबर कापली आहे, आणि आडवा ताठपणा त्यावर अवलंबून असतो.

एक गोष्ट जरूर करा. एकाच मॉडेलच्या दोन-तीन गिटारी मागवून वाजवा. एकाच खोडातल्या दोन फळ्यासुद्धा सारख्या नसतात आणि कारखाना सगळ्या एकाच जाडीला घासतो, म्हणून त्यांच्या आवाजात कानाला कळेल इतका फरक पडतो. तारा सारख्याच जुन्या आहेत ना, हे आधी विचारा. मग दुसऱ्याला वाजवायला लावून समोर दोन मीटरवर उभ्या राहा, कारण श्रोत्याला गिटार तिथून ऐकू येते.

शिसवी आणि महोगनीच्या पाठीत खरंच एवढा फरक असतो का? शिसवीचे सात-आठ हजार जास्त सांगतात. (ठाणे)

फरक असतो, पण किमतीत दिसतो तेवढा कानाला येत नाही.

दोन्हींचे सुटे तुकडे हातात धरून बोटाने ठोकले तर शिसवी घंटेसारखी वाजते आणि महोगनीचा नाद आखूड, कोरडा येतो. म्हणून शिसवीच्या गिटारला खर्ज खोल आणि वरच्या सुरांना झणक, तर महोगनीला मधले सूर पुढे, असं सांगितलं जातं. पण वाजवताना पाठ तुमच्या पोटाला टेकलेली असते आणि बरीचशी दबते. दुकानात बसून एक स्वरमेळ छेडा, मग गिटार अंगापासून चार बोटं दूर धरून तोच पुन्हा छेडा. पाठीचा वाटा किती, ते तुमच्याच कानाला कळेल.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाने फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी बनवून घेतल्या होत्या. ५२ वादकांनी त्या अंधुक उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल लावून वाजवल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: स्वस्त आणि महाग लाकडांना वादकांनी जवळपास सारखेच गुण दिले. त्याच्या कितीतरी आधी, १८६२ मध्ये, स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या ठेवून वर उत्तम स्प्रूस लावलेली गिटार बनवली होती. टॉपचं महत्त्व दाखवण्यासाठीच ती होती, आणि आजही ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तेव्हा सात-आठ हजार वाचवा. त्यातून हाडाचं सॅडल, फॉस्फर ब्राँझच्या नव्या तारा आणि चांगल्या कारागिराकडून सेटअप (तारांची उंची आणि नेकचा बाक जुळवणं) करून घ्या. आवाज त्याने जास्त बदलेल. शिसवीच हवी असेल तर शिसव आणि शिसम यांत गल्लत होऊ देऊ नका. शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, जांभळट-काळसर. शिसम म्हणजे सिस्सू, तपकिरी. शिसमही वाईट नाही, पण शिसवीच्या भावात घेऊ नका.

मुलगी शिकायला जर्मनीला चालली आहे. शिसवीची गिटार नेताना परवाना लागेल का? (कोल्हापूर)

आपल्या शिसवीसाठी नाही. २०१७ च्या सुरुवातीला डाल्बर्जियाच्या सगळ्या जाती साइटिस कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात गेल्या आणि कागदपत्रांचा मोठा ताप झाला. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोजवूड पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला ही सूट नाही. म्हणून लाकडाचं शास्त्रीय नाव लिहिलेलं बिल सोबत असू द्या. नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) आणि सॅडल हाडाचे असतील तर तेही बिलावर हवं, म्हणजे हस्तिदंताची शंका येणार नाही.

तिथल्या हिवाळ्यात हीटरमुळे खोली फार कोरडी पडते. केसमध्ये ठेवायचा ह्युमिडिफायर तिला सोबतच द्या.

सॉलिड टॉपची गिटार आहे. जुलैपासून आवाज मेल्यासारखा झालाय, तारा वर गेल्यात, बोटं दुखतात. इथल्या दुकानात सॅडल घासून देतो म्हणाले. घासू का? (रत्नागिरी)

आता अजिबात घासू नका.

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि रेषांना आडवं फुगतं. ४० सेंटिमीटर रुंदीची सुटी स्प्रूसची फळी ५० टक्के आर्द्रतेतून ८५ टक्क्यांत नेऊन पुरेसा वेळ ठेवली तर ती ४ ते ५ मिलिमीटर रुंद होते. गिटारमध्ये तिच्या कडा चिकटवलेल्या असतात. पसरायला जागा नाही, म्हणून ती मधोमध वर फुगते, ब्रिजला उचलते आणि ब्रिजबरोबर ताराही वर जातात. ओली फळी जड होते, कंपनं पोटात घेते, म्हणून आवाज मेलेला. आज सॅडल घासलंत तर दिवाळीनंतर फळी खाली बसेल, तारा फ्रेटवर आपटून खरखरतील आणि नवं सॅडल घ्यावं लागेल.

करायचं ते असं. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या. तो खरं सांगतो का ते आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चार थेंब पाण्याने ओलसर लगदा करा, मापकासोबत हवाबंद पिशवीत आठ तास ठेवा. आकडा ७५ च्या जवळ आला पाहिजे. ८० दाखवला तर पुढे नेहमी ५ वजा करा. आता गिटार हार्ड केसमध्ये, मापक आत, आणि सुती पिशवीत २०० ते २५० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल हेडस्टॉकखालच्या (खुंट्यांच्या डोक्याखालच्या) पोकळीत. पॉलिशला ते टेकू देऊ नका. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास भाजून पुन्हा वापरा. ४५ ते ५५ टक्के हे लक्ष्य ठेवा, ४० च्या खाली मात्र जाऊ देऊ नका. वाजवून झालं की गिटार भिंतीवर टांगायची नाही, केसमध्येच. दोन-तीन आठवड्यांत तारा खाली येऊ लागतील.

त्यानंतर बाराव्या फ्रेटवर मोजा: जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, पातळ तारेखाली पावणेदोन ते दोन. एवढं झाल्यावरही तारा उंचच राहिल्या तर सॅडलचा विचार. सॅडल १ मिलिमीटर उतरवलं की बाराव्या फ्रेटवर अर्धाच मिलिमीटर उतरतो, हा हिशोब ठेवा. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) तारा खाली आणण्यासाठी पिळू नका, त्याचं काम फक्त नेकचा बाक सांभाळणं.

आजच एक तपासणी करा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. आत गेला तर गोंद सुटतो आहे. बारा नंबरच्या तारांच्या संचाचा एकूण ताण ७० किलोच्या वर असतो, म्हणून लगेच सगळ्या तारा सैल करा आणि कारागिराकडे न्या. फटीत झटपट चिकटणारा गोंद सोडू नका, नंतर ब्रिज नीट काढताना टॉपचे तंतू उपटून येतात.

(विदर्भातल्या वाचकांना एप्रिल-मेमध्ये याच्या नेमकं उलट दिसेल: टॉप खाली बसतो, तारा खरखरतात, फ्रेटची टोकं हाताला बोचतात. तिथे केसमध्ये ओलावा द्यावा लागतो, नाहीतर टॉप रेषेवर फाटतो.)

फर्निचरचा कारखाना आहे. जुन्या वाड्याच्या सागवानी फळ्या मिळाल्या आहेत, त्यांची गिटार करायची आहे. टॉपही सागाचाच चालेल का? (सावंतवाडी)

टॉप सागाचा नको. साग घनमीटरला ६५० किलोच्या आसपास, स्प्रूसच्या दीडपट. ताठपणासाठी जाडी ठेवली तर फळी जड होऊन आवाज दबेल, वजनासाठी पातळ केली तर तारांच्या ताणाने पोट काढेल. टॉपसाठी स्प्रूसचा जोडसंच विकत घ्या. पाठ, बाजू आणि नेकला तुमचा साग छान चालेल. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांत वापरतात ते तूनही नेकला उत्तम. तून महोगनीच्याच कुळातलं, हलकं आणि कोरायला सोपं.

सागात तेल असतं, गोंद धरत नाही. जोड लावण्याआधी ताजी रंधणी करा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि दहा-पंधरा मिनिटांत चिकटवून क्लॅम्प लावा. तासाभराने लावलेला जोड पुढे उघडतो. जुन्या फळीतले खिळे चुंबकाने शोधून काढा.

बाजू २ ते २.२ मिलिमीटर, पाठ अडीच, टॉप ३ वर थांबवा. त्यापुढे टॉप घासताना दर वेळी दोन टोकं धरून वाकवून पाहा आणि ठोकून ऐका. ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो: जाडी १० टक्के घटवली की ताठपणा २७ टक्के जातो. ३ वरून २.७ वर येणं म्हणजे चतुर्थांशाहून जास्त ताठपणा गेला. शेवटचे दोन-तीन हात रंधा बाजूला ठेवून स्क्रेपरने घ्या.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ब्रेसिंग (टॉप आणि पाठीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या) चिकटवण्याचा दिवस. सिंधुदुर्गाच्या पावसात फुगलेल्या फळीवर पट्ट्या चिकटवल्या तर ती गिटार पुण्यात किंवा नागपुरात गेली की टॉप आकसेल, पट्ट्या त्याला धरून ठेवतील आणि तो फाटेल. एक छोटी खोली डीह्युमिडिफायर लावून ४५ टक्क्यांवर आणा, टॉप आणि पाठ तिथे किमान दोन आठवडे उभ्या ठेवा आणि ब्रेसिंग त्याच खोलीत चिकटवा. पेटी बंद होईपर्यंत दोन्ही फळ्या त्या खोलीबाहेर काढू नका.