क्लॅटचा कटऑफ कसा वाचावा
कटऑफ म्हणजे पास होण्याचे गुण, हा गैरसमज तुम्ही आधी दूर करावा. क्लॅट या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत जागा मिळते ती अखिल भारतीय क्रमांकावर, त्यामुळे पेपर सोपा गेल्यास ९० गुणांनाही मागचा क्रमांक येऊ शकतो आणि गेल्या वर्षीच्या गुणांशी केलेली तुलना फसवी ठरते. विद्यापीठवार प्रवेश मिळालेले शेवटचे क्रमांक, म्हणजेच कटऑफ, पाहताना प्रवर्ग, समुपदेशनाची (जागावाटपाची) फेरी आणि राज्याचा अधिवास हे तीनही रकाने एकत्र वाचावेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत महाराष्ट्राच्या अधिवासाने बराच फरक पडतो. पुढच्या फेऱ्यांत शेवटचा क्रमांक मागे सरकू शकतो, तरी पहिल्या फेरीचा आकडा पाहून खचणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी मात्र आयलेट ही वेगळी परीक्षा असते.

पदवी स्तराच्या पेपरात १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. खरी कसोटी वाचनाची आहे, कारण प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले असतात. विधी तर्काच्या उताऱ्यात ‘परवानगीशिवाय जमिनीत शिरणे म्हणजे अतिक्रमण’ एवढाच नियम दिला असेल, तर वाट चुकून शिरलेला माणूसही त्यात बसतो. ‘त्याचा हेतू वाईट नव्हता’ ही आपली दया उत्तरात आणू नये. (माझे बरेच गुण या दयेपायी गेले.) रोजचे वृत्तपत्र, आठवड्याला घड्याळ लावून सोडवलेला एक सराव पेपर आणि त्याहून जास्त वेळ त्यातील चुका तपासण्यात, एवढे पुरते. गणिताचे प्रश्न थोडे असले तरी सोडू नयेत.