क्रूझवर आपली नाशिकची वाईन सोबत नेता येते का?

नेता येते, पण सगळं कंपनीवर आहे. तुम्ही विचारलंय की आम्ही दोघं आणि बहीण-भावोजी असे चौघं मे महिन्यात सिंगापूरहून क्रूझला चाललोय, जहाजावर वाईन फार महाग असते म्हणे, तर नाशिकहूनच पाच-सहा बाटल्या घेऊन गेलो तर चालेल का, आणि भावोजींची व्हिस्की पण. तर चार बाटल्या बहुतेक जमतील, सहा नाही, आणि व्हिस्कीचं नावच काढू नका. आता नीट सांगते, लांबेल जरा.

कंपनीचं नाव तुम्ही लिहिलेलंच नाही, त्यामुळे मला जेवढ्यांचं माहीत आहे तेवढ्यांचं सांगते. रॉयल कॅरिबियनची मोठी जहाजं सिंगापूरहून निघतात, तुमचं तेच असू शकतं. त्यांच्याकडे पिण्याचं वय झालेल्या प्रत्येकाला ७५० मिलीची एक सीलबंद बाटली नेता येते, वाईन किंवा शॅम्पेन, तीही फक्त पहिल्या दिवशी जहाजावर चढताना. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजावर हे वय १८, अमेरिकेतून निघणाऱ्यावर २१. कार्निव्हलचं पण माणशी एकच बाटली. प्रिन्सेसमध्ये पहिली बाटली फुकट आणि पुढच्या प्रत्येक बाटलीला पैसे भरा. नॉर्वेजियनवाले फुकट काहीच सोडत नाहीत, ७५० मिलीला १५ डॉलर आणि दीड लिटरच्या मोठ्या बाटलीला ३०, ते चढतानाच घेतात. एमएससीवर बाहेरची दारू अजिबात नाही. वायकिंग एकदम उलट, खुशाल आणा म्हणतात आणि वर पैसेही मागत नाहीत, पण ती जहाजं वेगळ्याच बजेटची, आपण फक्त फोटो बघायचे. बॉक्समधली वाईन कुणी फारसं चालवून घेत नाही, काचेची सीलबंद बाटलीच घ्या.

आता खरी गंमत पुढे आहे, आणि इथेच बहुतेकांचं गडबडतं. विमानाचा आणि जहाजाचा नियम बरोब्बर उलटा आहे. विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर पातळ काही चालत नाही, म्हणजे घरून नेलेली वाईन चेक-इनच्या बॅगेतच टाकावी लागते. आणि जहाजावर चेक-इनच्या बॅगेत वाईन चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच लागते. कारण टर्मिनलवर मोठ्या बॅगा तुम्ही पोर्टरकडे देता, त्या एक्स-रे होऊन दोन-चार तासांनी केबिनच्या दाराशी येतात, आणि त्यात बाटली दिसली की ती बॅग येतच नाही. बाकीच्यांच्या बॅगा आल्या, आपली कुठाय म्हणून तुम्ही वाट बघत बसता आणि मग सिक्युरिटीवाले बोलावून सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावतात. म्हणून आदल्या रात्री हॉटेलवरच बाटल्या काढून पाठीवरच्या सॅकमध्ये टाका. विमानातून उतरून थेट टर्मिनलला जाणार असाल तर पोर्टरच्या हातात बॅग द्यायच्या आधी तिथेच एका कडेला बॅग उघडा, लाजायचं काही कारण नाही, तिथे निम्मी रांग तेच करत असते. आणि एका सॅकमध्ये चारही बाटल्या कोंबू नका, प्रत्येकाच्या हातात आपापली द्या, बाटली माणशी मोजतात ना.

विमानाच्या बाजूने काळजीचं फार काही नाही. वाईन १२ ते १४ टक्क्यांची असते आणि २४ टक्क्यांच्या आतल्या दारूला धोकादायक मालाच्या नियमात लिटरची मर्यादा नाही, ५ लिटरची मर्यादा त्याच्या वरच्या, ७० टक्क्यांपर्यंतच्या दारूला आहे. तरी तुमच्या एअरलाईनचं वेगळं काही आहे का ते बघून घ्या. वजन मात्र बघा, भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास जाते, स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी घेतली तर काच जाड असल्यामुळे आणखी जास्त. पॅकिंगला ते महागडे फुगवायचे कव्हर वगैरे घेऊ नका. आधी बाटली झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, मग जुन्या सुती साडीत चार वेढे घट्ट गुंडाळून बॅगेच्या मधोमध आडवी, बाजूने कपडे ठासून भरायचे, कडेला ठेवायची नाही कारण बॅगा कडेवरच आपटतात. पिशवी कशाला, तर फुटलीच तर साडी जाईल, बाकीचे कपडे वाचतील.

सिंगापूरच्या कस्टम्सचं पण बघायला हवं. ४८ तासांपेक्षा जास्त सिंगापूरबाहेर असलेल्या आणि मलेशियातून न येणाऱ्या १८ वर्षांवरच्या माणसाला ड्युटीशिवाय दोन लिटर वाईन नेता येते (किंवा एक लिटर वाईन आणि एक लिटर व्हिस्की-रमसारखी हार्ड, असे वेगवेगळे पर्याय आहेत). माणशी एक बाटली म्हणजे पाऊण लिटर, आरामात बसतं. म्हणजे अडचण कस्टम्सची नाही, जहाजाची आहे.

इथून ओढत न्यायची नसेल तर मुंबई एअरपोर्टच्या ड्युटी फ्रीमधून घ्या, ते सीलबंद पारदर्शक पिशवीत देतात आणि ती हातातल्या बॅगेत चालते. फक्त मधे कुठे विमान बदलत असाल तर शेवटपर्यंत ती पिशवी फोडू नका, बिल आतच राहू दे.

आता बाटली कुठली न्यायची, हा माझ्या आवडीचा विषय. तुम्ही पैसे वाचवायचे म्हणून विचारताय, पण माणशी एका बाटलीत पाच ग्लास होतात, चार-पाच रात्रींच्या ट्रिपमध्ये त्याने कितीसं वाचणार? आणि जहाजावर ऑस्ट्रेलियाची, चिलीची, इटलीची वाईन ढिगाने असते. मग तिथे मिळणार नाही अशी न्या. नाशिकला राहून हातात तीच ती ऑस्ट्रेलियन शिराझ, म्हणजे रेड वाईन, घेऊन चढण्यात काय मजा आहे?

मी असते तर चारपैकी एक शेनिन ब्लां नेली असती, ही व्हाईट वाईन. ही आणि सॉविन्यों ब्लां या व्हाईटच्या द्राक्षांच्या जाती नाशिकला पहिल्यांदा सुला वायनरीने लावल्या, राजीव सामंतांनी, आणि त्यांची पहिली वाईन बाजारात आली २००० साली. आता दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडे किती वायनरी झाल्या बघा. शेनिन थोडी गोडसर, थंड करून प्यायची, सिंगापूर-पेनांगच्या घामट हवेत रेडपेक्षा हीच बरी लागते. दुसरी स्पार्कलिंग. शॅम्पेनवाल्या मोएट हेनेसीची शांदों आपल्या दिंडोरीत बनते हे नाशिकच्या निम्म्या लोकांना माहीत नसतं, आणि बहिणीचा वाढदिवस-बिढदिवस असेल तर बाल्कनीत उघडायला छान. तिसरी भावोजींसाठी दणकट शिराझ, व्हिस्कीवाल्या माणसाला शेनिन दिली तर तो सरबत म्हणेल. चौथी बहिणीला विचारा, सगळं मीच कसं ठरवणार. लेट हार्व्हेस्टची गोड वाईन मला स्वतःला फार आवडते पण ती बहुतेक ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत येते आणि जहाजावर छोटी बाटलीही एकच मोजतात, त्यामुळे तो सौदा परवडत नाही.

आणखी एक फायदा, आपल्याकडच्या बऱ्याच वाईनला स्क्रू कॅप असते आणि स्पार्कलिंगचं बूच हातानेच निघतं, म्हणजे बूच काढायचं हत्यार घेऊन फिरायला नको. सिक्युरिटीवर टोकदार वस्तू दिसली की उगाच चौकशी.

घेताना शक्यतो गंगापूर धरणाकडे वायनरीवर जाऊनच घ्या, चाखून घेता येते आणि माल थंडीत ठेवलेला असतो. कॉलेज रोडच्या दुकानातून घेतलीत तरी हरकत नाही, पण काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी केलेली बाटली नको, मागची द्या म्हणायचं. व्हाईट असेल तर लेबलवरचं साल बघा, जेवढं ताजं तेवढं बरं. आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते त्यामुळे मे महिन्यात दुकानात बहुतेक मागच्या वर्षाचीच असेल, ते चालतं, तीन-चार वर्षं जुनी स्वस्तात देतोय म्हणाला तर नको. निघायच्या आदल्या दिवसावर टाकू नका, नेमका ड्राय डे निघतो. आणि मे महिन्यातलं नाशिकचं ऊन लक्षात ठेवा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईचा प्रवास सोपा झालाय तरी बंद गाडीच्या डिकीत बाटल्या टाकून वाटेत तासभर जेवायला थांबलात तर वाईनला शिजवल्यासारखी चव येते. बॅग सीटवर एसीत ठेवा.

जहाजावर गेल्यावर काय. केबिनमध्ये बसून प्यायलात तर एक पैसा लागत नाही, ग्लास केबिनवाल्याला सांगितले की आणून देतो, बर्फाची बादलीही देतो, आणि ती मागाच कारण केबिनमधला फ्रिज नावालाच थंड असतो. तीच बाटली डायनिंगमध्ये किंवा बारमध्ये नेली तर मात्र कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली तिथे उघडून पिण्याचे पैसे, रॉयल आणि कार्निव्हलला १५ डॉलरच्या घरात. म्हणजे हजार-बाराशेच्या वर गेलं, नाशिकला ती बाटलीच तेवढ्यात येते! त्यामुळे रोज तिथे नेण्यात अर्थ नाही. पण एक रात्र चांगले कपडे घालून बसणार असाल त्या रात्री एक बाटली नेऊन बघा. वेटर बाटली बघतो, कुठली म्हणून विचारतो, इंडियन वाईन म्हटल्यावर भुवया वर जातात, आणि तो जर आपल्याकडचा असेल, खूप असतात गोव्याचे, मुंबईचे, तर नाशिक म्हटल्यावर टेबलापाशीच गप्पा मारत उभा राहतो. संपली नाही तर टाकून द्यायची नाही, तो तुमच्या केबिनचा नंबर लिहून टॅग लावून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर आणून देतो. दुसऱ्या दिवशी परत कॉर्केज नाही.

ड्रिंक्स पॅकेजचं विचारलं नाहीत तरी सांगते, कारण बुकिंगवाला गळ्यात मारायला बघेल. एका केबिनमधल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं, असा बऱ्याच ठिकाणी नियम असतो, आणि वर सर्व्हिस चार्ज वेगळा. भावोजी रोज पाच-सहा पेग घेणारे आणि बहीण फक्त लिंबू सरबत, तर ते पैसे फुकट. संध्याकाळी एक-दोन ग्लास एवढंच असेल तर सुट्टं घेतलेलं परवडतं, आणि सोबत या चार बाटल्या आहेतच.

व्हिस्कीबद्दल. पाण्याच्या बाटलीत भरून, माऊथवॉशच्या बाटलीत भरून नेतात लोक, त्याचे व्हिडिओ पण बघितले असतील भावोजींनी. तिथल्या सिक्युरिटीने असल्या बाटल्या रोज बघितलेल्या असतात. सापडली तर ओतून टाकतात आणि नियमात तर जहाजावर न घेण्यापर्यंतची तरतूद असते. चार पेगांसाठी चौघांच्या ट्रिपचे पैसे पणाला लावायचे का ते त्यांनाच विचारा. वाटेतल्या बंदरावर किंवा जहाजाच्या दुकानात घेतलेली व्हिस्की मात्र चालते, फक्त ती ते स्वतःकडे ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री किंवा उतरायच्या सकाळी परत देतात. घरी आणायला ठीक आहे. ती जहाजावरची बाटली परतीच्या विमानात चेक-इनला टाका, हातात घेऊन एअरपोर्टवर गेलात तर तिथेच सोडावी लागेल. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटी नाही.

सिंगापूर रद्द होऊन तुम्ही मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझने जायचं ठरवलंत तर बाटल्या घरीच ठेवा, त्यांच्याकडे बाहेरची दारू चालत नाही. त्यातही लक्षद्वीपला जाणारी असेल तर तिथे बंगाराम बेट सोडून दारूबंदी आहे, किनाऱ्यावर उतरताना खिशात छोटी बाटलीसुद्धा नको. आणि गोव्याला उतरून स्वस्त मिळाली म्हणून चार बाटल्या घेऊन येऊ असं मनात असेल तर ती दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणली तर एक्साइजचा गुन्हा होतो, मग ती जहाजातून आणा नाहीतर एसटीतून.

कंपनीचं नाव आणि तारीख खाली कमेंटमध्ये टाका, त्यांचं पान बघून सांगते. हे नियम ते मधूनच बदलतात, त्यामुळे निघायच्या आठवडाभर आधी तुम्हीही एकदा बघा आणि स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये ठेवा, टर्मिनलवर एखादा नवा पोरगा अडवायला लागला तर दाखवायला बरं पडतं.