ज्याचा खर्च, त्याचे पॉइंट

प्रश्न : शेव-नमकीनचा छोटा कारखाना आहे, राहायला रामबागेत. धंदा माझ्या एकट्याच्या नावावर, हिशोब टॅलीत, ऑडिटही होतं. 2025-26 मध्ये तेल, बेसन, पॅकिंगची फिल्म असा 15 लाखांचा माल क्रेडिट कार्डावर घेतला. घरचे 3 लाखही त्याच कार्डावर. एकूण 36,000 पॉइंट जमले. त्यातल्या 24,000 पॉइंटांचे 6,000 रुपये कार्डाच्या बिलात वळते झाले. उरलेल्या 12,000 चं 3,000 रुपयांचं व्हाउचर घेऊन घरी मिक्सर आणला. मुनीमजी म्हणतात, बँकेचं बक्षीस आहे, वहीत आणूच नका. साडूंना तेल कंपनीकडून सहल मिळाली आणि तिच्यावर टीडीएस कापला गेला, म्हणून ते म्हणतात तुम्हालाही लागणार. न्यू जर्सीतला पुतण्या म्हणतो, पॉइंटांवर कर नसतोच. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : मुनीमजींचं तर नकोच. बाकी दोघांचं अर्धं अर्धं ऐका.

आयकर कायद्यात रिवॉर्ड पॉइंटांचं नाव घेऊन एकही कलम नाही, म्हणून पैसा कुठून सुटला ते पाहायचं. तुम्ही 100 रुपयांचं बेसन घेतलंत आणि 100 रुपये खर्च म्हणून नफ्यातून वजा केलेत. तुमच्या हिशोबाने बँकेने त्यातले 50 पैसे परत दिले. म्हणजे बेसन पडलं साडेनव्व्याण्णव रुपयांना, आणि वजावट घेतलीत शंभराची. तो अर्धा रुपया खर्चातून कमी करायला हवा. घरच्या किराण्याचं तसं नाही. तो खर्च तुम्ही वजा केलेलाच नसतो, त्यामुळे त्यावरचे पॉइंट ही नुसती सूट. तिच्यावर कर नाही.

काही जण म्हणतात, ही सूट नव्हे, कलम 28(iv) मधला धंद्यातून मिळालेला लाभ आहे. म्हणोत. खर्च 50 पैशांनी कमी केला काय किंवा उत्पन्न 50 पैशांनी वाढवलं काय, नफा तेवढाच येतो. पूर्वी एक पळवाट होती. महिंद्रा अँड महिंद्राच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये ठरवलं होतं की रोख रकमेला हे कलम लागत नाही. 2023 च्या वित्त कायद्याने रोख लाभही त्यात आणला. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. तुमचं वर्ष त्याआधीचं, म्हणून इथे जुनेच आकडे.)

आता तुमचा आकडा. 18 लाखांत धंद्याचे 15, म्हणजे सहात पाच हिस्से. पॉइंटांतून मिळाले 9,000. त्यातले 7,500 धंद्याचे, 1,500 घरचे. बिलात वळते झालेल्या 6,000 पैकी 5,000 रुपये कार्डाच्या खात्याला नावे टाकून ‘कार्डावरील सूट’ या खात्यात जमा करा. व्हाउचरच्या 3,000 पैकी 2,500 तुमच्या उचल खात्याला (मालकाने घरासाठी काढलेल्या पैशांचं खातं) नावे, आणि जमा त्याच सूट खात्यात. मिक्सर माजघरात गेला म्हणून पॉइंट घरचे होत नाहीत. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह 2,340 रुपये कर. एवढ्यासाठी मुनीमजींनी वही लपवायची?

पॉइंट जमतील तेव्हा नोंद करायची की वापराल तेव्हा? वापराल तेव्हा, असं माझं मत. अर्धे लोक मुदत संपेपर्यंत विसरतात, मग न मिळालेल्या पैशाची नोंद कशाला? मात्र एकदा धरलेली रीत दरवर्षी पाळा.

साडूंची गोष्ट वेगळी. त्यांना सहल माल विकणाऱ्या कंपनीने दिली, धंद्याच्या नात्यातून. वर्षात असा लाभ 20,000 रुपयांच्या वर गेला की देणाऱ्याला कलम 194आर खाली 10 टक्के टीडीएस भरावा लागतो. हे 1 जुलै 2022 पासून आहे. सहलीची किंमत साडूंनी उत्पन्नात दाखवायची आणि कापलेला कर वळता करून घ्यायचा. तुमच्या पॉइंटांवर टीडीएस नाही म्हणून ते हिशोबाबाहेर, असा उलटा अर्थ मात्र काढू नका. पुतण्याला सांगा, अमेरिकेतही पॉइंटांकडे सहसा सूट म्हणूनच पाहतात आणि धंद्याचा खर्च तेवढा कमी धरतात. कामाच्या प्रवासातले विमानाचे माइल्स स्वतःसाठी वापरले तर तिथलं खातं मागे लागत नाही, असं 2002 मध्ये जाहीर झालं होतं, पण रोखीत बदललेले माइल्स त्यातून वगळले होते.

मला पॉइंटांपेक्षा तुमच्या स्टेटमेंटची काळजी जास्त. वर्षात कार्डाची बिलं 10 लाख किंवा जास्त भरली की बँक ते पॅनसह आयकर खात्याला कळवते आणि आकडा तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतो. म्हणजे 18 लाख त्यांना ठाऊक आहेत. उद्या विचारणा झाली की साहेब पॉइंटांचा चौकोन नंतर बघतील, आधी एकेक ओळ वाचतील : तेल, फिल्म, फिल्म, मग जेल रोडवरचा मोबाइल, मुलीच्या क्लासची फी, एम. टी. क्लॉथ मार्केटमधलं लग्नाचं कापड. सियागंजातल्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत मी हेच पाहते. सगळं बिल ‘खरेदी’त टाकलेलं, आणि घरचे 3 लाख गुपचूप नफ्यातून वजा. तुमच्याकडे तसं झालं असेल तर 7,500 विसरा, आधी ते 3 लाख उचल खात्यात न्या. पुढच्या महिन्यापासून घरासाठी दुसरं कार्ड ठेवलंत तर हे सहात पाचचं गणितही नको.

जीएसटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ऑडिटर विचारेल. फिल्मवाल्याने पूर्ण रकमेचं बिल दिलं आणि त्याला पैसे पूर्ण मिळाले, तर बँकेने दिलेल्या सवलतीमुळे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) कमी होत नाही. धंद्यापुरतं कार्ड वेगळं केलंत की त्याच्या वार्षिक फीवर बँक 18 टक्के जीएसटी लावते, तो मात्र वाया घालवू नका. बँकेला तुमचा जीएसटी नंबर द्या, बिलावर तो छापून आला की नाही ते बघा आणि मगच क्रेडिट घ्या.