मोठ्या घरातून वन बीएचकेत जाताना स्वयंपाकघरातली कोणती उपकरणं ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की नागपुरातच त्रिमूर्तीनगरचं मोठं घर सोडून बेसा रोडला वन बीएचकेत जाताय, घरात दोघंच, ओटा जेमतेम सहा फुटांचा. आणि सामानात मिक्सर, फूड प्रोसेसर, मायक्रोवेव्ह, ओटीजी (विजेची भट्टी), एअर फ्रायर, इंडक्शन, ज्युसर, केटल, वरून घरघंटी. काय ठेवू?

तीन वर्षांपूर्वी आम्ही महाल भागातलं घर सोडून मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा मीही वही घेऊन बसले होते. ‘रोज लागतं’, ‘कधीमधी लागतं’, ‘लागेल’ असे तीन रकाने केले. काही उपयोग झाला नाही, कारण ‘लागेल’मध्ये सगळंच बसतं. शेवटी निकाल लावला तो भिंतीवरच्या प्लगांनी.

किल्ली मिळाली असेल तर आधी जाऊन स्वयंपाकघरातले मोठे, सोळा अँपिअरचे पॉइंट मोजून या. आमच्याकडे दोनच निघाले, त्यातला एक फ्रिजच्या मागे. सहा अँपिअरच्या लहान पॉइंटवर फार तर १३८० वॉटचा भार चालतो. मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा, तो कुठंही चालतो. पण केटल १५०० ची, इंडक्शन पूर्ण आचेवर १८०० ते २००० चं, मोठा ओटीजीही त्याच्या जवळपास. मायक्रोवेव्हवर ८०० लिहिलेलं असतं, ते अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचं. भिंतीतून तो १२०० च्या आसपास ओढतो. म्हणजे एका मोठ्या पॉइंटवर एका वेळी एकच गोष्ट. एक्स्टेंशन बोर्ड लावून सगळं जमवू, असं मनात येईल. आणू नका.

मग मे महिना आठवा. पारा ४५ ला, कूलर हॉलमध्ये, आणि स्वयंपाकघरात ओटीजी पाऊण तास तापतोय! आमचा ओटीजी मोठ्या घरातही फेब्रुवारीनंतर कोणी लावत नव्हतं, हे मला सामान बांधताना कळलं. तो भाचीला दिला. एअर फ्रायर म्हणजे तरी काय, पंखा लावलेली छोटी भट्टीच. दोन्ही ठेवण्यात अर्थ नाही. केक-नानकटाई नेहमी करत असाल तर ओटीजी, नाहीतर एअर फ्रायर. दोघांपुरतं तो लवकर करतो आणि घर कमी तापवतो. मात्र सांबारवडी, म्हणजे आपली कोथिंबिरीची तळायची वडी, त्यात करून पाहिली, तेलाचा हात लावून. आमच्या ह्यांनी एक खाल्ली आणि विचारलं, ‘कढई पण देऊन टाकली का?’

मिक्सरबद्दल वादच नाही. सावजी रस्स्याचं वाटण म्हणजे भाजलेलं खोबरं, खसखस, धने. हे बारीक व्हायला दमदार मोटर लागते. तुमचा ७५० वॉटचा असेल तर जपा. भांड्याचं रबर आणि खालचा, मोटरला जोडणारा कपलर बदलून घ्या, नवा घेण्याची गरज नाही. फूड प्रोसेसर मात्र काढा. दोघांच्या सहा पोळ्यांची कणीक त्या मोठ्या भांड्यात कडेला चिकटून बसते, मळली जातच नाही.

ज्युसरवर तुमचा जीव आहे असं दिसतं, संत्र्यांमुळे. आपलं संत्रं सैल सालीचं, सोलून खायचं. त्याचा रस थोडा वेळ ठेवला की कडू होतो आणि यंत्रात बी चिरडली गेली तर आणखीच. अंबिया बहाराची, म्हणजे थंडीच्या सुरुवातीची संत्री आली की मी सोलून पुढ्यात ठेवते. रस हवाच असेल तर हातानं दाबायचं साधं यंत्र पुरतं, पाच मिनिटांत धुऊन होतं.

घरघंटी. इथे मी रडले होते, खरं सांगते. चाळीसेक किलोचं धूड, पण वडाभाताचा (भातावर कुस्करायच्या डाळींच्या वड्यांचा) भरडा जसा हवा तसा तिच्यातून निघायचा. गिरणीवाला पाव किलो डाळींचा भरडा दळायला तोंड वाकडं करतो. फ्लॅटमध्ये ठेवायची तर जागा हॉलमध्येच, खालच्या मजल्यावर आवाज, आणि पीठ सगळीकडे. वर्ध्याच्या नणंदेकडे पाठवली. आता मिश्र डाळी कोरड्या भाजून मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवते. ऐंशी टक्के तसा होतो. राहिलेल्या वीस टक्क्यांसाठी वर्ध्याला जाणं होतं.

एक चूक मात्र केली. गॅस आहे म्हणून इंडक्शन कामवाल्या मावशींना देऊन टाकलं. नव्या ओट्याखाली एकच सिलिंडर मावतो हे लक्षातच आलं नाही. पाहुणे जेवायला असताना रविवारी गॅस संपला आणि आम्ही पाटोडी विकत आणली. आता पुन्हा घेतलंय. तुमचं असेल तर ठेवा, पण आधी भांड्यांच्या बुडाला फ्रिजचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर चालेल. साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. आणि उन्हाळ्यात ते गॅलरीत नेऊन त्यावर दूध तापवता येतं, तिथे मोठा पॉइंट काढून घेतलात तर.

मायक्रोवेव्ह दोघांसाठी ठेवाच, उरलेलं अन्न गरम करायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. तळातली मोठी काचेची थाळी वेगळी गुंडाळा. आमची ट्रकमध्येच फुटली.

देण्या-विकण्याचं म्हणाल तर बंद पडलेली यंत्रं कचरागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. चालू आहेत ती नात्यात वाटा. विकून फार पैसे येत नाहीत, उगाच मन खट्टू होतं.

केटल ट्रकमध्ये टाकू नका. चहापत्ती, साखर, दुधाची पावडर आणि चार स्टीलचे ग्लास घालून ती पिशवी स्वतःच्या हातात ठेवा. गॅस जोडला जाईपर्यंत सामान उतरवणाऱ्यांचा आणि तुमचा चहा तिच्यावरच आहे.