जात्याच्या पलीकडे कोण बसायचं?

प्रिय पोरी,

लग्नघरच्या गोंधळात संबळ ऐकलास आणि तेव्हापासून रोज रात्री यूट्यूबवर तेच शोधतेस. तरी लोकगीतांच्या ग्रुपवर बोलायला लाज वाटते म्हणतेस, "मला त्यातलं कुठे काय कळतंय?" अगं, संबळ ऐकून झोप उडते ना तुझी? बोलायला तेवढं पुरतं.

फक्त "चांगली लोकगीतं सुचवा" असं विचारू नकोस. त्याच त्या दहा लावण्या येतील. त्यापेक्षा विचार, "संबळासोबत हे एका तारेचं काय वाजतंय?" कुणीतरी तुणतुणं म्हणून सांगेल, आणि दुसरं कुणी लिहील, "आमचे आजोबा वाजवायचे." त्या माणसाला सोडू नकोस. 'जागरण गोंधळ' आणि पुढे तुझ्या तालुक्याचं नाव टाकून शोध. लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी टाकलेले रात्रभराचे व्हिडिओ सापडतात. बघणारे मोजकेच, पण खाली नातवंडं बोलत असतात.

जात्यावरच्या ओव्यांसाठी 'पारी'च्या, म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर जा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, त्या २०१७ पासून तिथे येत गेल्या. माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आधी ऐक. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही दिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

हे बजावून सांगते, कारण माझ्या हातून चूक झाली आहे. माझ्या मावशीच्या ओव्या मी तिचं नाव न घालता एका ग्रुपवर टाकल्या. महिनाभरात त्या 'पारंपरिक' म्हणून माझ्याकडेच परत आल्या. मावशी त्यातून पुसली गेली होती. ते अजून सलतं.

तू आजीचं रेकॉर्डिंग करशील तेव्हा सुरुवातीलाच तिला नाव, माहेर, सासर बोलायला लाव. आणि टाकण्याआधी विचार. सासूवरच्या, भावजयीवरच्या ओव्या असतात. त्या साऱ्या भावकीने ऐकाव्यात असं तिला वाटेलच असं नाही. नको म्हणाली तर तुझ्यापाशीच ठेव.

आणखी एक विचार तिला. दळताना जात्याच्या पलीकडे कोण बसायचं? एकीनं ओवी धरली की दुसरी झेलायची. ती जाऊ किंवा नणंद असेल अजून, तर दिवाळीत दोघींना समोरासमोर बसव. जातं नसलं तरी चालेल. एकीला आठवेना झालं की दुसरी पुढची ओळ देते. मध्ये बोलू नकोस, फोन चालू ठेव.

झालं की मला कळव.

तुझी,
मावशी