१६५ हर्ट्झचा मॉनिटर, तरी पळतं चित्र पुसट का?

प्रश्न : मुलाच्या हट्टापायी दिवाळीत १६५ हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर घेतला. खोक्यावर ‘१ एमएस’ असंही छापलंय. तरी मुलगा म्हणतो, खेळात मान वळवली की सगळं पुसट होतं आणि अंधाऱ्या जागी काळ्या शेपट्या दिसतात. त्याच्या कॉम्प्युटरवर खेळ सेकंदाला शंभरेक फ्रेम्सवर (चित्रांवर) चालतो. दुकानदार म्हणाला, डोळे तपासा, नाहीतर ३६० हर्ट्झचा घ्या. काय करावं?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, मुलाचे डोळे ठीक आहेत. त्याला जे दिसतंय ते खरोखर तसंच आहे, आणि त्यानं ते नेमक्या शब्दांत सांगितलंय. मी जेल रोडजवळ एकोणतीस वर्षं पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केले, आता मॉनिटर करतो. ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते.

आधी बिनपैशाचं काम. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो तो हर्ट्झचा आकडा, किती आहे ते बघा. बऱ्याचदा नवा मॉनिटर मुकाट्यानं ६० वरच चालत असतो. अन्नपूर्णा रोडचा एक मुलगा ‘पॅनेल खराब आहे’ म्हणत मॉनिटर घेऊन आला होता. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आठ महिने ६० वर चालला होता! मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला (खेळाचं चित्र तयार करणाऱ्या कार्डाला) लावली आहे ना, मदरबोर्डला (कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीला) नाही ना, तेही बघून घ्या.

आता पुसटपणाचं. पिक्चर ट्यूबमध्ये पडद्यावरचा ठिपका क्षणभर चमकायचा आणि विझायचा. म्हणून जुन्या टीव्हीवर चित्र लुकलुकायचं, पण पळता चेंडू रेखीव दिसायचा. एलसीडीचा ठिपका विझत नाही, पुढची फ्रेम येईपर्यंत तसाच उभा राहतो. डोळा मात्र थांबत नाही, तो पळणाऱ्या माणसाच्या मागे सरकत राहतो. चित्र जागेवर आणि नजर पुढे, म्हणून ते डोळ्याच्या आतल्या पडद्यावर फरफटतं. काचेवर काहीच पुसट नसतं. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी दुकानात रात्री उशिरापर्यंत एकच खिडकी पडद्यावर इकडून तिकडे ओढत बसलो होतो.

हिशेब सोपा आहे. १९२० ठिपक्यांच्या रुंदीचा पडदा एखादी वस्तू दोन सेकंदांत पार करते, म्हणजे सेकंदाला ९६० ठिपके. ६० हर्ट्झवर एक फ्रेम सेकंदाचा साठावा भाग थांबते, तेवढ्या वेळात नजर १६ ठिपके पुढे गेलेली असते. तेवढी फरफट. १६५ वर ती सहाच्या आत येते. पण तुमच्याकडे खेळच शंभर फ्रेम्सचा आहे! पडदा १६५ वेळा ताजा झाला तरी नवं चित्र शंभर वेळाच येतं, आणि फरफट दहा ठिपक्यांच्या आसपास राहते. ३६० चा मॉनिटर आणलात तरी ती दहाच राहील. म्हणून तो घेऊ नका, हे मी अगदी ठासून सांगतो. खेळातल्या सावल्या आणि डिटेल कमी करायला सांगा, फ्रेम्स वाढतील. ‘मोशन ब्लर’ नावाची सोय असेल तर ती बंद करा. पैसे घालायचेच असतील तर ग्राफिक्स कार्डात घाला.

काळ्या शेपट्यांचं दुखणं वेगळं. खोक्यावरचा ‘१ एमएस’ (एक मिलिसेकंद) म्हणजे बहुतेक वेळा ठिपक्याला एका करड्या छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ, तोही सगळ्यात अनुकूल स्थितीतला. तुमचं पॅनेल व्हीए जातीचं (एलसीडीचाच एक प्रकार) असावं. त्यात काळा फार सुंदर दिसतो, पण काळ्यातून गडद करड्यात जायला ठिपका रेंगाळतो आणि शेपूट सोडतो. मॉनिटरच्या मेनूत ‘ओव्हरड्राइव्ह’ किंवा ‘रिस्पॉन्स टाइम’ असतं, ते मधल्या पायरीवर ठेवा. सगळ्यात वर नेलंत तर ठिपका हवं त्याच्या पुढे जाऊन मागे येतो आणि वस्तूंमागे उजळ कडा उमटतात. शेपूट कमी होईल, व्हीएमध्ये पुरती जाणार नाही. खेळात ब्राइटनेस थोडा वाढवला की अंधारी जागा उजळते आणि शेपूट कमी खुपते.

काही मॉनिटरमध्ये मागचा दिवा प्रत्येक फ्रेमला क्षणभरच लावायची सोय असते. जुन्या पिक्चर ट्यूबचीच ही युक्ती, आणि स्पष्टपणा खरोखर वाढतो. पण पडदा मंद होतो, कुणाचं डोकं दुखतं, आणि फ्रेम्स हर्ट्झइतक्या नसल्या तर एकाच्या जागी दोन प्रतिमा दिसतात. तुमच्याकडे ही सोय असेल तर मॉनिटर १०० किंवा १२० हर्ट्झवर आणून खेळाच्या फ्रेम्स नेमक्या तेवढ्याच बांधा, मग ती चालू करून बघा.

रविवारी मुलाबरोबर बसा. मॉनिटर आधी ६० वर, मग १६५ वर ठेवून मजकुराची एखादी खिडकी सावकाश आडवी ओढा आणि सरकती अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. तुम्हीही चष्मा लावून वाचा. दोन्हींत काहीच फरक दिसला नाही, तर दोष मॉनिटरचा किंवा केबलचा असू शकतो. मग वॉरंटीचा कागद शोधा आणि दुकानदाराला त्याच्याच काउंटरवर ही खिडकी ओढायला लावा.